माहेर, सासर आणि बारा व्होल्ट

२ फेब्रुवारी, सकाळ
आजपासून रोजनिशी. फक्त तांत्रिक नोंदी. भावनांना जागा नाही.

दारातली कॅम्पर व्हॅन, म्हणजे आत ओटा-पंखा असलेली आमची फिरायची गाडी, उभ्या उभ्या बॅटरी उतरून मेली होती. काल मुलगी सोलर चार्जर घेऊन आली. ताटाएवढं पॅनेल, त्याला एक डबी, डबीला बॅटरीवर लावायचे दोन चिमटे. तिने पॅनेल पुढच्या काचेमागे ठेवलं, डबी ओट्याच्या वर स्क्रूने बसवली, वायरींशी बरीच खुडबुड केली आणि मला समजावून सांगत बसली. मी ऐकतोय असं तिला वाटलं. चिमटे मात्र मी स्वतः लावले. अख्खी नोकरी पाण्याचे पंप सांभाळण्यात गेली माझी, दोन चिमट्यांसाठी शिकवणी नको.

तिची अट अशी. पंधरा तारखेला, रविवारी ती परत येणार. गाडी सुरू होऊन वळणापर्यंत जाऊन आली तर गाडी राहील. नाही तर एक सँडविचवाला घ्यायला टपलेला आहेच. तिचं म्हणणं, आई जाऊन दोन वर्षं झाली, आणि बाबा रोज संध्याकाळी त्या गाडीत जाऊन बसतात, हे काही बरं नाही. मी म्हटलं, मेंटेनन्ससाठी बसतो.

३ फेब्रुवारी
ऊन फर्स्ट क्लास. डबीवर हिरवा ठिपका.

नोंद असावी म्हणून लिहितो. असल्या गाडीत दोन बॅटऱ्या असतात. एक इंजिनची, एक आतल्या दिव्या-पंख्याची. आमच्याकडे दोन सीटखाली एकेक, दिसायला जुळ्या बहिणी. आमच्या हिने गाडी घेतल्या दिवशीच जाड पेनने एकीवर ‘माहेर’ लिहिलं आणि दुसरीवर ‘सासर’. कुठली कशाची ते विचारायचं राहून गेलं. पण डोकं चालवलं की कळतं. बाई माहेरी निघते तेव्हा काय होतं? गाडी सुटते. म्हणजे इंजिनची ती माहेर. चिमटे माहेरला लावलेत. याला म्हणतात लॉजिक.

५ फेब्रुवारी, संध्याकाळ
दिवेलागणीला गॅलरीतून सहज बघितलं तर व्हॅनमध्ये ओट्यावरचा दिवा लागलेला. मी लावला नव्हता. किल्ली माझ्या खिशात, दार बंद. खाली गेलो. आत कुणी नाही. हिच्या सीटवर हात ठेवला. कोमट होती. दिवसभर तिथे ऊन असतं, त्यामुळे.

लूज कॉन्टॅक्ट असणार. उद्या बघतो.

६ फेब्रुवारी
परत लागला. त्याच सुमाराला. याच सुमाराला ही स्वयंपाकघरातला दिवा लावायची आणि बाहेर येऊन म्हणायची, अंधारात काय बसलात घुबडासारखे. माझा भुताखेतांवर काडीचा विश्वास नाही. फक्त नोंद करतो की दिवा लागल्याबरोबर ‘बसलोय गं असाच’ असं तोंडातून निघून गेलं.

लूज कॉन्टॅक्ट सापडला नाही. शोधला नाही म्हणा.

८ फेब्रुवारी
समोरच्या वहिनींनी फाटकापाशी अडवलं. म्हणाल्या, काल संध्याकाळी दिव्याखाली बसला होतात ना गाडीत दोघं, बरं वाटलं बघून. मग त्यांच्याच लक्षात आलं. जीभ चावली. म्हणाल्या, मोतीबिंदू झालाय हो मला, ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. मी म्हटलं, हो हो, होतं असं. घरात आलो आणि चहात साखरेऐवजी मीठ घातलं. डबे सारखेच दिसतात.

संध्याकाळी व्हॅनमध्ये दोन कप घेऊन गेलो. एक तसाच थंड झाला. शेवटी मीच प्यायलो. वाया कशाला घालवायचा.

१० फेब्रुवारी, सकाळ
ट्रायल. रुबाबात बसलो, आरसा नीट केला, किल्ली फिरवली. ‘टक्’ सुद्धा नाही.

मीटर लावून बघितला. माहेर टम्म भरलेलं. सासर ठणठणगोपाळ. मग डोक्यात प्रकाश पडला. सासर म्हणजे इंजिन! सकाळी उठून राबायचं त्याने, शिव्या खायच्या त्याने. दिवे, पंखा, गाणी, सगळे लाड माहेरी. वर्षानुवर्षं दोन सीटखाली विनोद करून ठेवला होता बाईने आणि मला तो आज कळला. एकटाच हसलो. मग बराच वेळ हसू आलं नाही.

असो. उपाय सोपा आहे. चिमटे माहेरवरून काढून सासरला लावायचे. वायर आखूड आहे, त्यामुळे डबी भिंतीवरून काढावी लागेल. डबी काढली की दिव्याची वायर सुटणार. म्हणजे दिवा बंद. काम चुटकीसरशी होणारं आहे. उद्या सकाळी नक्की.

११ फेब्रुवारी
ढगाळ. ढगाळ हवेत वायरिंगला हात लावू नये.

१२ फेब्रुवारी
स्क्रू-ड्रायव्हर सापडेना. तो खिशातच होता हे झोपताना कळलं. आता काय उपयोग.

१३ फेब्रुवारी, संध्याकाळ
आज मात्र स्क्रू-ड्रायव्हर घेऊन डबीसमोर उभाच राहिलो. पहिल्या स्क्रूला टोक लावलं आणि त्याच क्षणी दिवा लागला. भसकन. माझ्या तोंडावर. स्क्रू-ड्रायव्हर पायावर पडला. मी म्हटलं, बरं बाई, नाही काढत.

शास्त्रीय विचार केला. दिव्याची वायर डबीतून जाते हे मला दिसतं, मी काही आंधळा नाही. पण संध्याकाळ झाली हे डबीला कळणार कसं? तिला ना डोळे, ना घड्याळ. मग कुणाला कळतं?

मला ती परत जायला नको आहे. लिहिलं एकदाचं. भावनांना जागा नाही हा नियम उद्यापासून कडक.

१४ फेब्रुवारी
एका दिवसाच्या उन्हात सासर काय भरणार, आता चिमटे हलवण्यात अर्थच नाही. माहेरकडून सासरला तात्पुरता करंट देता येतो म्हणतात. पण मग माहेर रिकामं होईल. माहेर रिकामं करून सासर चालवणं मला पटत नाही. शिवाय जुनी इंजिनं रविवारी बरी चालतात असा माझा अनुभव आहे. आत्मविश्वास शंभर टक्के.

१५ फेब्रुवारी, दुपार
मुलगी आली. सँडविचवालाही आला, मोजायची टेप घेऊन. शिरल्या शिरल्या ओटा मोजायला लागला. मी किल्ली फिरवली. पुन्हा फिरवली. डॅशबोर्डला चापट मारली. शेवटी मुलीने विचारलं, बाबा, चिमटे कुठे लावलेत?

मग मी तिला सगळं सांगून टाकलं. माहेर, सासर, दिवा, कोमट सीट, सगळं. म्हटलं, आई येते गं. दिवेलागणीला येते. चिमटे काढले तर जाईल.

तिने दिव्यापासून डबीपर्यंत वायरीवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, बाबा, तो दिवा मी लावलाय. डबीत तशी सोय असते, बॅटरी थोडी भरली की चालू होते. पॅनेलला ऊन मिळेनासं झालं की डबीला कळतं अंधार पडला, मग ती दिवा लावते. तुम्ही रोज अंधारात गाडीच्या पायरीवर धडपडता, म्हणून सेट करून दिलं. सांगितलं होतं तुम्हाला. तुम्ही हो हो म्हणालात.

मग ती रडायला लागली. मीही रडलो. सँडविचवाला टेप गुंडाळत बाहेर जाऊन उभा राहिला. माणूस वाईट नाही.

मी विचारलं, मग वहिनींना दोघं कसे दिसले? तिने आईच्या सीटवर हात ठेवला.

१५ फेब्रुवारी, संध्याकाळ
शब्द तो शब्द. गाडी दिली. आपोआप लागणारा दिवा आहे कळल्यावर सँडविचवाला भलताच खूश झाला, म्हणाला, बटण दाबायचीही कटकट नाही. मुलीने विचारलं, दिवा बंद करून देऊ का? मी म्हटलं, राहू दे.

टोइंगवाल्याने व्हॅनची पुढची चाकं उचलली आणि निघाला. मी आणि मुलगी फाटकात उभे होतो. अंधारून आलं होतं. ते वळणाशी पोचले आणि व्हॅनमधला दिवा लागला. आत कुणी नव्हतं. नुसता ओटा दिसत होता आणि हिची सीट. डबीने लावला, मला माहीत आहे. मुलीने माझा हात घट्ट धरला. तरी मी दुसरा हात वर केला आणि हलवत राहिलो.

टोइंगच्या खिडकीतून सँडविचवाल्याने डोकं बाहेर काढलं आणि मला उलट हात केला. फार आनंदात होता.