वीस नाण्यांचा धनी

तीर्थरूप मामांस,

साष्टांग नमस्कार (रागात घातला आहे, पण आठही अंगांनी घातला आहे).

परवा दुपारी सव्वाबारा वाजता, सराफाच्या दुकानात, चिमट्याने कुलूप उघडलं त्या क्षणी माझं आयुष्य पालटलं. पण ते सांगण्याआधी तुमचा गुडघा कसा आहे ते कळवा. मामी जिना चढू देत नसतील तर त्यांचं ऐका. इकडे बाबांचा खोकला उतारावर आहे, आई ठणठणीत आहे (तिच्याविषयी याहून जास्त बोलायची सध्या माझी इच्छा नाही).

माझ्या पहिल्या वाढदिवसापासून तुम्ही मला दर वर्षी एक सोन्याचं नाणं देत आलात. पोराच्या नावाने साठू दे, एकविसाव्या वर्षी डबा उघडा, हे तुमचेच शब्द. तो पत्र्याचा डबा आईच्या कपाटात, किल्ली आईच्या गळ्यात. लहानपणी मी रडायला लागलो की आई डबा माझ्या कानाशी खुळखुळवायची आणि मी गप्प व्हायचो. माझा सगळा स्वभाव त्या खुळखुळाटावर पोसला आहे, मामा. गणितात आपटलो, म्हटलं डबा आहे. दोन महिन्यांपूर्वी प्राध्यापकांशी वाजलं आणि वर्ष अर्धवट टाकून बाहेर पडलो, तेव्हाही छाती पुढे होती ती डब्याच्या जोरावर. (कशावरून वाजलं ते विचारू नका. चूक त्यांची होती, आवाज माझा होता. घरी अजून सांगितलेलं नाही, रोज दप्तर घेऊन निघतो.)

त्यात सराफाची मुलगी. ती तराजूपाशी बसते. तुम्ही तिला पाहिलं असेलच, आणि पाहूनही नुसतं नाणं घेऊन परत आला असाल तर गुडघ्याबरोबर डोळेही दाखवून घ्या. तिच्यापायी मी या दोन महिन्यांत बोटातल्या एकुलत्या एक अंगठीचं सहा वेळा वजन करून घेतलं. तेवढंच आहे, असं ती सहाही वेळा म्हणाली, पण सहाव्यांदा किंचित हसली. एवढ्या पुराव्यावर मी ठरवलं की वीस नाणी तिच्यापुढे ओतायची, दुरुस्तीचं दुकान टाकायचा बेत सांगायचा आणि तिच्या वडिलांसमक्ष लग्नाचं विचारून मोकळं व्हायचं. वाढदिवसाला अजून महिना होता. पण एवढा धीर माझ्यात असता तर मी कॉलेजातच नसतो का टिकलो? आई शिवलेले कोट पोचवायला गेलेली पाहून डबा काखेत मारला. (ही चोरी नव्हे. माल माझा आहे अशी माझी समजूत होती.)

कुलूप उघडलं, मी ऐटीत डबा पालथा केला. गुलाबी कागदाच्या वीस पुड्या. तिने पहिली सोडली, कोटाचं बटण. दुसरी सोडली, कोटाचं बटण. पितळी, चार भोकांचं, आई शिवते त्या कोटांना असतं तसलं. बाराव्या पुडीपर्यंत मला आशा होती. विसावी झाल्यावर तिने खण उघडला आणि कडेला नखाएवढी खाच असलेलं एक नाणं माझ्यापुढे ठेवलं.

“हे तुमचं. एकच आहे,” ती म्हणाली. “तुमच्या आई विकून जातात, मामा विकत घेऊन जातात. बाबा सांगतात, वीस वर्षं हेच चाललंय.”

पायाखालची जमीन सरकली असं लिहिणार होतो. पण जमीन जागेवर होती, पायच कुठे सापडेनात. म्हणे आईने बजावून ठेवलंय, भावाला कळू देऊ नका. तुम्ही बजावून ठेवलंय, बहिणीला कळू देऊ नका. नवं कोरं नाणं दाखवलं तर तुम्ही हातही लावत नाही, खाचेचंच मागता. बाबा सासरचा छदामसुद्धा घरात येऊ देत नाहीत हे मला ठाऊक आहे. पोराच्या भेटीला मात्र त्यांना नाही म्हणता येत नाही. तेव्हा तुम्ही भावंडांनी मला पुढे करून हा रस्ता काढलात, आणि मी वीस वर्षं स्वतःला सावकार समजत हिंडलो.

याहून भयंकर पुढेच आहे. आई नाणं विकताना कारणही सांगते. त्यामुळे माझे जंत, माझा टायफॉईड, दातांची तार, गणिताची शिकवणी, सगळं त्या घरात तोंडपाठ. जिच्यापुढे मी सहा वेळा केस विंचरून गेलो तिला माझ्या जंतांचं साल माहीत आहे.

“या वर्षी फीचे पैसे मी मोजून दिले होते,” ती म्हणाली. “तुमच्या आई दोनदा मोजायला लावतात. कॉलेजच्या वेळेत सहादा अंगठी घेऊन आलात. का सोडलंत?”

मामा, जगाला द्यायला माझ्याकडे दोन महिने उत्तर तयार होतं. तिथे मी बटणं गोळा केली आणि घरी आलो.

घरी येऊन मी डबा मशीनवर आदळला, फसवणूक, विश्वासघात असे चांगले चांगले शब्द वापरले. आईने पायडलवरचा पाय काढला आणि विचारलं, वीसही आणलीस ना? शनिवारी दोन कोट द्यायचेत. मग म्हणाली, “मला काय खाच दिसत नव्हती? दुसऱ्याच वर्षी ओळखलं. त्याला द्यायचं होतं, मला लागत होतं. मध्ये तोंड कशाला उघडायचं?”

तेव्हा अशा घराशी आणि अशा मामाशी माझा आजपासून संबंध संपला. कळावे.

आपला (एके काळचा) भाचा

ता. क. – शेवटचं वाक्य रागाचं आहे. खोडलं तर कागद घाण दिसेल म्हणून राहू दिलं.

दुसरा ता. क. – काल कॉलेजच्या कारकुनाला भेटलो. नाव परत घालता येतं, पण शुक्रवारच्या आत आणि दंड भरून. माझा वाढदिवस पुढच्या महिन्यात. मामा, या वर्षी तो गुरुवारी येऊ शकेल का? तारीख चुकली म्हणा, तुमच्या वयाला शोभेल. नाणं खाचेचंच आणा आणि आईकडे न देता माझ्या हातात ठेवा. विकायला मीच जाईन. आईला यातलं अक्षर कळता कामा नये.

तिसरा ता. क. – आत्ता आई मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “मामाला लिहितोयस ना? मग गुरुवारीच ये म्हणावं. दंडाचं सराफाच्या मुलीने मला कालच सांगितलं.” मी कारकुनाकडून थेट सराफाकडे गेलो होतो, एवढाच काय तो माझा गुन्हा.

पाकीट चिकटवतो आणि निघतो. दार आपटायचं पक्कं केलं होतं, पण आई काजाचा दोरा सुईत ओवते आहे, हात हलेल. हळूच लावतो.