जठराचा काप

मोन्तेविदेओ, ११ ऑगस्ट १९९८

चि. हेबेर यास अनेक आशीर्वाद.

धाकट्या भावाला आशीर्वाद लिहायची रीत आहे, म्हणून लिहिले. इथे थंडी कडक आहे, किनाऱ्यावरचा वारा हाडात शिरतो. माझे गुडघे कुरकुरतात, पण प्रयोगशाळेत बसूनच काम असतं, त्यामुळे निभतं. तुझ्या दवाखान्याला नवी पितळी पाटी लागल्याचं कळलं. अभिनंदन. साल्तोमधल्या माणसांना पाटी वाचून निम्मं बरं वाटतं, उरलेल्या निम्म्याची जबाबदारी देवाची.

भाचीची चौकशी करायला तुला सवड झालेली दिसत नाही, म्हणून मीच सांगते. अनाई आणि आपली धाकटी माबेल तीन आठवड्यांपासून माझ्याकडे आहेत. पोरीच्या पोटातलं पाणी उतरलं. डोळ्यांचा पिवळेपणा गेल्यात जमा आहे. यकृताची एन्झाइम्स नऊशेवर होती, ती दोनशेच्या खाली आली. स्टेरॉइडमुळे चेहरा सुजून गोल झालाय. परवा आरशासमोर उभी राहून म्हणाली, "मावशी, आता मी थेट मामासारखी दिसते. एक पाटी लावली की झालं." पंधरा वर्षांची आहे, पण माणसं बरोबर ओळखते.

आजाराचं नाव ऑटोइम्यून हेपॅटायटिस. शरीराची राखण करणारी फौज स्वतःच्याच यकृतावर उलटते, तो. तू सहा महिने जो समजत होतास, तो पित्तनलिकांचा आजार नव्हे. तो बहुतेक चाळिशी-पन्नाशीतल्या बायकांना होतो, हेबेर. पंधरा वर्षांच्या पोरीच्या माथी तो मारताना तुझा हात जरासुद्धा अडखळला नाही? त्यात पित्त अडल्यावर वाढणारी एन्झाइम्स रक्तात आधी दिसतात. अनाईची ती एन्झाइम्स जेमतेम वाढलेली होती. वाढली होती ती यकृताच्या पेशी मरताना वाढतात ती. हे तुझ्या टेबलावरच्या कागदात होतं. पण तू एकच ओळ वाचलीस, 'अँटी-मायटोकॉन्ड्रियल पॉझिटिव्ह', आणि बाकीचा कागद घडी करून ठेवलास. असली प्रतिपिंडं धडधाकट माणसातही सापडतात, आणि खऱ्या आजारातही कधी कधी सापडत नाहीत. ती साक्षीदार आहेत. एकाच साक्षीदाराचं ऐकून निकाल देणाऱ्याला आपल्या गावात काय म्हणतात, ते पत्रात लिहिता येत नाही.

इथल्या डॉक्टर बेरुट्टी तिशीतल्या आहेत, त्यांच्या दाराला पाटीही नाही. त्यांनी पोरीकडे पाहिलं, रक्त पुन्हा तपासायला लावलं, बायोप्सी केली आणि चार दिवसांत उपचार सुरू केले.

आता मुद्द्याचं. तू माबेलला फोनवर म्हणालास, "तूच कार्केहाच्या पाल्याचा काढा पाजून पोरीचं यकृत जाळलंस." डॉक्टर बेरुट्टींनी तिला दोनदा समजावलं की या आजाराचा काढ्याशी संबंध नाही. माबेल मान डोलावते आणि संडासात जाऊन रडते. "दादा उगाच बोलेल का? तो डॉक्टर आहे," म्हणते. जगात तुझ्यावर विश्वास ठेवणारं एकच माणूस उरलंय, आणि नेमकं त्यालाच तू चिरडलंस.

तिला फोन कर. काढ्यानं झालेलं नाही, निदान चुकलं, एवढंच सांग. दोन वाक्यं आहेत, तुला जमतील.

पहिल्या रिपोर्टचं काय कसं झालं, ते इथे उगाळत नाही. झालं ते झालं.

तुझी ताई,
ओलिंदा


मोन्तेविदेओ, २९ ऑगस्ट १९९८

हेबेर,

तुझं पत्र पोचलं. आशीर्वाद नाहीत, शिल्लक राहिलेले नाहीत.

दोनच ओळी लिहिल्यास, पण तुझ्या आयुष्यातलं पहिलं अचूक निदान केलंस: "पहिल्या रिपोर्टवर सही कोणाची आहे, ताई? काढ्याची गोष्ट आपल्या दोघांनाही सोयीची आहे, राहू दे." मी ते वाचलं आणि मला तुझी किळस आली. मग पुन्हा वाचलं, तेव्हा कळलं की किळस एकट्या तुझी नाही.

सही माझी आहे.

फेब्रुवारीतला शुक्रवार होता. तू साल्तोच्या बसने पाठवलेली अनाईच्या रक्ताची बाटली सकाळीच आली होती. आमची पद्धत तुला कधी समजून घ्यावीशी वाटली नाही, म्हणून सांगते. एका काचपट्टीवर उंदराच्या यकृताचा, मूत्रपिंडाचा आणि जठराचा असे तीन पातळ काप असतात. त्यांवर रोग्याचं रक्तद्रव घालायचं, धुवायचं, मग चमकणारा रंग घालायचा. प्रतिपिंडं जिथे चिकटली, तिथे सूक्ष्मदर्शकाखाली हिरवं उजळतं. मूत्रपिंडाच्या नळ्या उजळल्या की तपासणारी सावध होते, कारण दोन वेगवेगळ्या प्रतिपिंडांनी त्या उजळतात. कोणतं, हे जठर सांगतं. जठराच्या पेशीही उजळल्या तर पित्तनलिकांच्या आजाराचं. जठर काळं राहिलं आणि यकृत उजळलं तर दुसरं, अनाईचं.

त्या दिवशी जठराचा काप धुताना निघून गेला.

तसं होतं कधी कधी. नवी पट्टी घ्यायची, पुन्हा करायचं, अडीच तास लागतात. मी नवी पट्टी बाहेर काढलीसुद्धा होती. तेवढ्यात तुझा फोन आला. "काय गं ताई, बाटल्या धुऊन झाल्या का? भाषण नको, हो की नाही एवढंच सांग." तीस वर्षं तू मला हेच म्हणत आलास. आई मला 'आमची प्रयोगशाळेतली' म्हणून ओळख करून द्यायची, तेव्हा तू हसायचास. मला वाटलं, याला दाखवते, आम्ही किती पटकन सांगतो ते. मूत्रपिंड उजळलेलं होतं. यकृताचा काप समोर होता, तो मी नीट पाहिलाच नाही. म्हटलं, "हो. मायटोकॉन्ड्रियल. एकास एकशेसाठ पातळ केलं तरी उजळतंय." आणि सही केली.

जुलैत डॉक्टर बेरुट्टींनी ती जुनी पट्टी मागवली. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून विचारलं, "यात जठर कुठे आहे?" मी म्हणाले, "बघते." बघायला काही नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि रक्त पुन्हा तपासायचा कागद लिहून दिला. त्यानंतर माबेल घरी काढ्याच्या नावाने रडत होती आणि मी शेजारी बसून तिच्या पाठीवरून हात फिरवत होते. तुझी पाटी निदान पितळी तरी आहे. मी लपले ती नुसत्या त्या फिरवलेल्या हातामागे.

तुझं पत्र आलं त्या दिवशी दुपारी मी माबेलला स्वयंपाकघरात सगळं सांगितलं. तुझं पत्रही वाचायला दिलं. तिने दोन्ही ओळी बोट ठेवून वाचल्या. मग विचारलं, "म्हणजे माझ्यामुळे नाही?"

"नाही."

"आणि तुला जुलैपासून माहीत होतं?"

"हो."

माते म्हणजेही पाल्याचा चहाच, म्हणून तिने ते पिणंही सोडलं होतं, नुसतं गरम पाणी प्यायची. त्या दिवशी तिने उठून माते भरलं. प्यायली, पुन्हा पाणी ओतलं, पुन्हा प्यायली. किटली रिकामी होईपर्यंत एकटीच पीत राहिली. मी समोर बसले होते. एरवी मातेचं एकच भांडं सगळ्यांत आळीपाळीने फिरतं, माझ्यापुढे तिने ते एकदाही केलं नाही. शेवटी म्हणाली, "सहा महिन्यांत व्रण पडले यकृतावर. ते गोळ्यांनी जातील?"

मी म्हणाले, सगळे नाही जायचे. आजार आवरेल, पोरगी शाळेत जाईल, पण गोळ्या बहुधा जन्मभर.

"ठीक आहे," ती म्हणाली. "दादाला लिही. फोन नको. इथे येऊन अनाईसमोर बोलायचं. तू पण त्याच्या शेजारी बसायचंस. दोघं बोला, मी ऐकते. त्याआधी तिला कोणी काही सांगायचं नाही."

सोमवारी मी आमच्या प्रमुखांना लेखी कळवलं. त्या महिन्यातल्या माझ्या सगळ्या पट्ट्या दुसऱ्या कोणीतरी तपासायच्या, असं ठरलंय. तोवर मला सूक्ष्मदर्शकाला हात लावायचा नाही. बरोबरच आहे. तुझ्या रोग्यांचे कागद कोण तपासणार, ते तू बघ.

पुढच्या रविवारी ये. सकाळची बस घेतलीस तर दुपारी पोचशील. स्टँडवर कोणी येणार नाही. जेवून ये, माबेल तुझं ताट वाढेल असं मला वाटत नाही. माझंही ती अजून वाढत नाही.

तुझ्यासारखीच,
ओलिंदा