दिवाणखान्यातली होडी

४ मार्च, रविवार

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

तुमची कंबर आता कशी आहे? आम्ही बरे आहोत. फोन करायचा सोडून पत्र लिहितेय, कारण फोनवर बोललं की हे आतल्या खोलीतून सगळं ऐकतात.

होडी झाली. हसू नका, खरंच झाली! वर्षभर सोफा बाल्कनीत उभा होता आणि दिवाणखान्यात होडी. शेजारीण म्हणाली, "पाहुणे आले की होडीतच बसवता का?" तुमच्या भावाने प्लायवूडच्या फळ्या कापल्या, कडेने भोकं पाडली आणि तांब्याच्या तारेने गोधडीसारख्या शिवून काढल्या. सांध्यांत लाकडाचा भुसा कालवलेली राळ भरली. राळेचा वास अजून पडद्यांना आहे.

मग काचेच्या धाग्यांचं कापड चढवायचा दिवस आला. ते पांढरंशुभ्र असतं, पण राळ मुरली की दिसेनासं होतं आणि खालचं लाकूड झळकतं. जिथे राळ पोचत नाही, तिथे पांढरं राहतं. हे ब्रश ठेवून म्हणाले, "झालं बघ!" मी पाहिलं तर डाव्या अंगाला ताटाएवढे पांढरे डाग.

"इथे राहिलंय की."

"कुठे?"

"अहो, हे काय!" मी बोट ठेवलं. हे मान वळवून वळवून शोधत राहिले. माझं बोटच त्यांना सापडेना. राळ घट्ट होत चालली होती. शेवटी मीच ब्रश हिसकावून घेतला. हे नुसते उभे राहिले, हातमोजे घातलेले हात पुढे धरून. मग हळूच म्हणाले, "बऱ्याच दिवसांपासून असं होतंय गं."

ताई, काचबिंदू आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दुखत नाही, खुपत नाही, कडेची नजर गुपचूप जाते. गेलेली परत येत नाही. थेंब घालून उरलेली टिकवायची, तीही फार उरलेली नाही. त्यांनी विचारलं, "वडिलांना होता का?" ह्यांनी सांगितलं, "त्यांचं दिसणं म्हातारपणामुळे गेलं, असं आम्ही धरून चाललो होतो." "भावंडं?" "एक मोठी बहीण." "मग त्यांना लगेच तपासून घ्यायला सांगा. वेळेवर कळलं तर रोखता येतं."

जिन्यात ह्यांनी माझा दंड धरला. "ताईला कळता कामा नये. बाबांना शेवटपर्यंत हाताला धरून तिनेच फिरवलं. आता माझं ऐकलं तर ती खचेल."

मी बरं म्हटलं.

होडीचं उरलेलं काम आम्ही दोघांनी केलं. डोळ्यांचं काम माझं, तळव्याचं त्यांचं. पॉलिशपेपर मारून झाला की हे हात फिरवायचे आणि मला न दिसलेला उंचवटा बरोबर धरायचे. शिडाचं कापड घ्यायला गेलो तेव्हा दुकानदाराने रंग विचारला. हे म्हणाले, "हिला आवडेल तो." आणि काउंटरकडे पाठ करून उभे राहिले.

काल तळ्यावर नेली. सुकाणू ह्यांच्या हातात, शिडाची दोरी माझ्या. होडी कलली आणि सरसर निघाली. मी ओरडून सांगत होते, "डावीकडे घ्या! समोर खांब आहे!" इतकं खूश मी त्यांना लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं. काठाला लागल्यावर मात्र उतरेनात. पाण्यात हात सोडून बसले. म्हणाले, "पुढच्या वर्षी मी नुसता बसेन. चालवायची तू."

मी हो म्हटलं आणि तोंड फिरवलं. फिरवायचीही गरज नव्हती, हे नंतर लक्षात आलं.

परवा तुम्ही फोनवर हसत सांगितलंत, बाजूने आलेली सायकल दिसलीच नाही, थोडक्यात वाचले. फोन स्पीकरवर होता, हेही ऐकत होते. रात्रभर तळमळले, पण बोलले नाहीत. म्हणून मी लिहितेय.

ताई, उद्याच डोळे दाखवून या. निघेल ते निघो, पण या. नंतर मला हवं तेवढं बोला आणि ह्यांना सांगायचं असेल तर खुशाल सांगा. ते चिडतील, मी ऐकून घेईन. तुम्हा दोघांना अंधारात ठेवून मला ह्या घरात वावरता येणार नाही.

आज पहिल्यांदाच नवऱ्याचा शब्द मोडणारी,
तुमची भावजय