काळ्या समुद्रकाकडीखालची ओळ

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बहात्तर, संग्रहालयातून निवृत्त, व्यवसाय समुद्रकाकड्या ओळखणे, हे राजीखुशीने लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे आणि माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही. पुढच्या आठवड्यात हृदयाच्या झडपेची शस्त्रक्रिया आहे म्हणून घाबरून हे करते आहे, असंही नाही. थोडी घाबरले आहे, पण ते वेगळं. संधिवातामुळे बोटांत पेन ठरत नाही, तेव्हा मी सांगते आणि आमचे हे लिहितात. माझी वकील भाची म्हणाली, "मावशी, ज्यांना घर मिळणार त्यांच्याच हातून मृत्युपत्र लिहून घेतेस? उद्या कोणी शंका काढली म्हणजे?" मी म्हटलं, "काढू दे. आधी त्यांचं अक्षर तरी लागू दे." लेखनिकाने इथे हरकत घेतली, ती नोंदवली आहे.

वाचणाऱ्याला ठाऊक नसेल म्हणून सांगते, समुद्रकाकडी ही भाजी नव्हे. तळाशी पडून वाळू गिळणारा, कातडी पिशवीसारखा हा एक गरीब प्राणी आहे. घाबरला की स्वतःची आतडी बाहेर टाकून मोकळा होतो. बरणीत घातला की आक्रसतो, रंग सोडतो, आणि मग एकाच जातीला चार विद्वान चार नावं देऊन बसतात. खरी ओळख कातडीच्या आत असते. तिथे चुन्याचे बारीक कण असतात, काही बटणांसारखे, काही चार पायांच्या टेबलांसारखे. कातडीचा तुकडा ब्लीचमध्ये विरघळवला की हे कण तळाशी उरतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली बोलू लागतात. त्यांच्या आधारे आमच्या समुद्रातल्या सगळ्या जाती मी पुन्हा तपासल्या, खऱ्या ठेवल्या, फसव्या मोडीत काढल्या आणि त्याचं पुस्तक केलं. पुस्तक छापायला तयार आहे, एक पान सोडून. ते पान मी गेलं वर्षभर अडवून धरलं आहे. ते लेखनिकाविषयी आहे आणि त्यांना अजून सांगितलेलं नाही. या कागदात खरं महत्त्वाचं तेवढंच आहे. पाचव्या कलमात सांगेन. ("आत्ताच सांग ना," असं लेखनिक म्हणाले. क्रमाने घेऊ.)

कलम पहिलं. राहतं घर माझ्यामागे माझ्या नवऱ्याचं, आणि त्यांच्यामागे आमच्या मुलाचं. मुलाने वडिलांच्या हयातीत घर विकण्याचा विषय काढू नये, अगदी त्यांच्या भल्यासाठीसुद्धा. त्यांना मागच्या जिन्याच्या पायऱ्या अंधारात पाठ आहेत. नव्या घरात ते पहिल्याच दिवशी पडतील.

कलम दुसरं. बँकेत जे असेल ते मुलाचं. बाळा, तू लहानपणी वर्गात सांगितलं होतंस की माझी आई खानावळीत काकड्या चिरते, कारण खरं सांगितलं तर कोणाला पटत नव्हतं. बाईंनी मला बोलावून घेतलं होतं, आठवतं? मी घरी येऊन, दार लावून पोट धरून हसले होते. तुला वाटलं होतं मी रागावले आहे. नव्हते रागावले. तुझ्यावर मला खरं रागावताच आलं नाही कधी, आणि तू याचा पुरेपूर फायदा घेतलास.

कलम तिसरं. माझा सूक्ष्मदर्शक, चिमटे, सुया, आणि काचपट्ट्यांची सगळी कपाटं माझ्या विद्यार्थिनीला. तिने माझ्या हाताखाली बारा वर्षं काढली आणि अजून दार वाजवल्याशिवाय आत येत नाही. अट एकच. माझा एकही नमुना फॉर्मलिनमध्ये ठेवायचा नाही. त्यातलं आम्ल चुना खातं, कण विरघळून जातात, आणि मग हातात उरतं ते नुसतं रबर. अल्कोहोल महाग आहे म्हणून कोणी कारकून कुरकुरला तर त्याला माझं नाव सांगावं. अजून घाबरत असतील.

कलम चौथं. दुसऱ्या संग्रहालयाचे निवृत्त प्रमुख, ज्यांना आम्ही आपसांत बटणसाहेब म्हणतो, त्यांना माझ्या स्वयंपाकघरातली लाकडी मुठीची सुरी द्यावी. कारण त्यांना समजेल. माझं पहिलं भाषण झालं तेव्हा भर सभेत ते म्हणाले होते की बाईंनी काकड्या आपल्या स्वयंपाकघरातच चिराव्यात. बटणांवरची भोकं मोजमोजून या गृहस्थांनी एका जातीच्या अकरा केल्या. त्यातल्या नऊ मी मोडल्या, आणि मोडताना मजा आली हे कबूल करते. पण उरलेल्या दोन खऱ्या निघाल्या. त्या त्यांनी बरोबर ओळखल्या होत्या, माझ्याही आधी. पुस्तकात मी ते स्वच्छ लिहिलं आहे. तोंडावर सांगायला मात्र जीभ रेटली नाही, म्हणून सुरीबरोबर हे कलम त्यांना वाचून दाखवावं. माझी भांडणं माझ्याबरोबर संपली असं समजावं.

कलम पाचवं. अहो, आता नीट बसा. चष्मा पुसा हवा तर.

तुम्ही संग्रहालयाच्या लाँचवर पाणबुडे होतात आणि मी नवी लागलेली संशोधक. एका दुपारी तुम्ही ओल्या अंगाने माझ्या खोलीत आलात, फरशीभर पाणी केलंत, आणि बोटाएवढी, पिवळ्या ठिपक्यांची समुद्रकाकडी माझ्या टेबलावर ठेवलीत. प्रवाळाच्या पालथ्या लादीखाली सापडली म्हणालात. तिचे कण मी कुठेच पाहिले नव्हते, उंच, नाजूक टेबलं, टोकाला काटे. ती नवी जात म्हणून मी जाहीर केली आणि तिला तुमचं नाव दिलं. पुढच्या वर्षी आपलं लग्न झालं. तेव्हापासून आपल्या न्हाव्यापासून दाताच्या डॉक्टरापर्यंत प्रत्येकाला तुम्ही सांगत आला आहात की समुद्रात माझ्या नावाचा प्राणी आहे. डॉक्टर तर दात काढत होता, तरी सांगितलंत.

माझ्या विद्यार्थिनीने टाक्यांमध्ये ती साधी, मोठी, काळी समुद्रकाकडी वाढवली. अंड्यापासून. दर महिन्याला पिल्लांच्या कातडीचा कणभर तुकडा घेऊन तिने तपासला. लहानपणी ती पिवळ्या ठिपक्यांची असते, अहो. कातडीत उंच टेबलं असतात, टोकाला काटे. मोठी होताना ठिपके जातात, टेबलं जातात, बटणं येतात. मी आपली जुनी काचपट्टी काढून शेजारी ठेवली. काही फरक नाही. तुमची जात ही वेगळी जात नाही. ते काळ्या समुद्रकाकडीचं पिल्लू होतं. काळीचं नाव आपण दिलेल्या नावाहून शंभर वर्षं जुनं आहे, आणि जुनं नाव तेच खरं, हा आमचा नियम.

पोरगी म्हणाली, "बाई, राहू द्या ना काकांचं नाव. कोणाला कळणार आहे?" मी म्हटलं, पुढे जो कोणी ब्लीचची बाटली उघडेल त्याला कळेल. बटणसाहेबांच्या नऊ जाती मोडल्या आणि घरची तेवढी झाकून ठेवली, असं मला करता येत नाही. आणि तुमच्याकडून हे काढून घेणंही मला जमत नाही. वर्षभर रोज सकाळी तुम्ही चहा आणून ठेवत होतात आणि मी ते पान खाली सरकवत होते. आता शस्त्रक्रियेच्या टेबलावर जाण्याआधी तुम्हाला दुसऱ्या कोणाकडून कळू नये एवढंच मला हवं आहे.

(इथे लेखनिकाने पेन खाली ठेवला. खिडकीशी जाऊन उभे राहिले. मग येऊन बसले. पुढचं आम्ही जसं बोललो तसंच लिहायचं ठरलं.)

ते म्हणाले, "म्हणजे मी पिल्लू उचलून आणलं होतं."

मी म्हटलं, "तुम्हाला काय ठाऊक? मलाही कळलं नाही."

"मोठं झालं असतं ते."

"झालं असतं."

"आणि माझं नाव पुसून टाकणार?"

"पुसत नाहीत हो. आमच्यात एकदा दिलेलं नाव कधीच पुसत नाहीत. खऱ्या नावाखाली ओळ असते, तिथे ते लिहून ठेवतात. पुढे दोनशे वर्षांनी जो कोणी काळ्या काकडीवर लिहील, त्याला ती ओळ उतरवून घ्यावीच लागेल."

"काय असतं ओळीत? नीट सांग, लिहायचंय मला."

मी सांगितलं. आधी प्राण्याचं कुळनाव. मग तुमचं नाव. त्याला लागून, ज्याने नाव दिलं त्याचं, म्हणजे माझं, तेही लग्नाआधीचं, कारण तेव्हा मी तेच लावत होते. मग स्वल्पविराम, आणि तुम्ही फरशी ओली केलीत ते साल.

"मध्ये काही नाही?" त्यांनी विचारलं. "माझ्या आणि तुझ्या नावाच्या मध्ये?"

"काही नाही. नियमच तसा आहे. कोणाला काही घालता येत नाही."

त्यांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "लिही. म्हणजे, मीच लिहितो." आणि त्यांनी लिहिलं: ते पान पुस्तकात घालावं.

कलम सहावं. विद्यार्थिनीने पुस्तक छापखान्यात द्यावं, माझी शस्त्रक्रिया कशीही होवो. माझी वाट पाहू नये.

हे सर्व मला वाचून दाखवलं, मला ते समजलं, आणि ते माझ्या मनासारखं आहे.

सही (वाकडी, पण माझीच)

साक्षीदार पहिली: भाची, वकील. तिला या कागदात काहीही मिळालेलं नाही, म्हणून साक्षीला चालते. तशी तक्रार तिने केली आहे.

साक्षीदार दुसरे: शेजारचे घड्याळ दुरुस्त करणारे. सही त्यांनी माझ्यासमोर, आणि मी त्यांच्यासमोर केली.

ठिकाण: जेवणाच्या खोलीत, मोठ्या टेबलावर.
दिनांक: १९ नोव्हेंबर.

लेखनिकाचं निवेदन: वरील मजकूर बायकोने सांगितला तसाच मी माझ्या हाताने उतरवला. पाचवं कलम पुन्हा वाचून पाहिलं. खाडाखोड कुठेही नाही.