समोरच्या घरची भाजी

रविवार, १२ तारीख

चि. चिमणीस,

ताईचे आशीर्वाद. तिकडे तुम्ही मजेत असाल असं धरून चालते. इकडे आम्ही दोघंही आहोत. अक्षर आमच्या नातीचं आहे, चष्म्याच्या दुकानात काम करते ती. रविवारी येते, आजोबांची उशी बदलते आणि मग मी सांगते ते लिहिते. सांगेन तसंच लिही, म्हणून बजावलंय. तरी मधूनच तिचं पेन थांबतं. मला वाचता येत नसलं तरी थांबलेलं पेन कळतं.

चौदा महिन्यांत तू पत्र पाठवलं नाहीस, मीही नाही. तो विषय मी काढत नाही. मोठी मी, तेव्हा न काढायचा मानही माझाच.

तर बातमी अशी, की ह्यांना न्यूमोनिया झाला होता. दवाखान्यातून घरी आले ते अर्धे होऊन. जन्मभर शिडीवर चढून दुकानांच्या पाट्या रंगवल्या त्या माणसाला आता पलंगावरून उतरायला माझा खांदा लागतो. ताप गेला, खोकला गेला, पण अन्न जात नाही. पहिला घास घेतात, दुसरा चिवडतात, तिसऱ्याला पोट भरतं. डॉक्टरांनी वजन केलं, काटा पाहिला आणि मग माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही ह्यांच्या वाटचं मीच खाल्लं. चोवीस तारखेला शुक्रवारी परत वजन आहे. तोवर वाढलं नाही तर पुन्हा भरती करणार आणि नाकातून नळी घालून भरवणार. माझ्या घरात, मी जिवंत असताना, ह्यांना नळीनं भरवणार!

आता मुख्य गोष्ट. आमच्या समोरच्या दारात एक नर्सबाई राहायला आल्यात. दक्षिणेकडच्या. पंचेचाळिशीच्या असतील, वेणी कंबरेच्या खाली. कामावर जाता जाता ह्यांना इंजेक्शन देऊन जातात. उपकारच आहेत, मी नाही म्हणत नाही. पण त्या यायच्या वेळेला आमचे हे केस विंचरून बसतात. किती केस राहिलेत तुला माहीत आहे. त्यांना भांग पाडायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात माझी कणीक मळून होते.

मागच्या मंगळवारी बाई येताना एक झाकलेली वाटी घेऊन आल्या. "आजी, आमच्याकडची भाजी आहे, आजोबांना चव बघू दे." मी झाकण काढलं. भोपळा, गाजर, फरसबी, कच्चं केळं, शेवग्याच्या शेंगा, सगळं बोटाएवढं एकसारखं कापलेलं आणि नारळाच्या दुधात पोहत असलेलं. रंग म्हणशील तर आजारी माणसासारखाच. वर कढीपत्ता. मी मनात म्हटलं, इथे वरणभात उतरत नाही, हे शेंगा चोखणार आहेत होय!

चिमणे, माणूस उशीला टेकलेला उठून बसला. शेंगा चोखल्या, रस्सा प्यायला, वाटीला बोट लावून ते चाटलं. आणि म्हणाला, "वा."

चोपन्न वर्षं मी ह्या माणसाला रांधून वाढतेय. "अजून वाढू?" विचारलं तर "हं" आणि "पुरे?" विचारलं तरी "हं". मी समजून घेतलं होतं की हा माणूस पाट्यांवर एवढे शब्द लिहितो, घरी यायच्या आत संपून जातात. आणि आता परक्या बाईच्या भोपळ्याला "वा"! मी ती वाटी इतकी घासली की तिच्यावरची नक्षी जायची बाकी राहिली.

बरं, माझ्या हाताला काही झालंय म्हणावं तर तसंही नाही. नातीलाच विचार. (इथे पेन थांबलं. विचारते, आजी, हे पण लिहू? लिही.) ती सहा महिने झाले जेवून येते. आल्या आल्या म्हणते, "आजी, मी खाऊन आलेय हं." तिची आईही खाऊन येते. खालचा शिंपीसुद्धा, जो माझ्या आमटीसाठी सुईदोरा टाकून यायचा, तो हल्ली पथ्यावर आहे. आजकाल सगळ्यांचीच पोटं नाजूक झालीत.

मी ठरवलंय. ही भाजी मी करणार. नर्सबाईंनी कृती कागदावर लिहून दिली. मला! मी कागद घेतला, छान आहे म्हटलं आणि तेलाच्या बरणीखाली ठेवला. नातीनं आता दोनदा वाचून दाखवलाय. मी वाट्यांची रांग मांडून पाठ केला: ओलं खोबरं, हिरवी मिरची, जिरं, मग नारळाचं पातळ दूध, मग घट्ट दूध, शेवटी खोबरेल तेलात मोहरी, उडदाची डाळ आणि कढीपत्ता. खोबरेल! आपण जे डोक्याला चोपडतो ते. त्या वेणीचं कारण कळलं.

वहीत लिहायचं ते तुझं काम होतं. बापानं एकीलाच शाळेत घातलं आणि दुसरीला चुलीपाशी बसवलं. तू पाटीवर रेघोट्या ओढायचीस तेव्हा मी भाकरी उलथत तुझ्याकडे बघायचे, हे तुला कधी सांगितलं नाही. म्हटलं, असू दे, तिला अक्षर, मला हात. म्हणून म्हणते, हातात कुणी वाटेकरी आलेला मला खपत नाही.

बुधवारी करणार आहे. कळवीन.

रागावलेली नाही, पण विसरलेलीही नाही अशी,
ताई


गुरुवार, ३० तारीख

चि. चिमणीस,

आशीर्वाद. ह्या वेळचं अक्षर ओळखलंस का? वळणदार, प्रत्येक ओळ फूटपट्टीनं आखल्यासारखी. हे लिहितायत. पलंगावर नाही, स्वयंपाकघरात स्टुलावर बसून. मांडीवर पाट घेतलाय. मी ह्यांच्याबद्दल काय काय सांगणार आहे ते त्यांनाच लिहायला लागणार. मला गंमत वाटतेय. त्यांना वाटत नसावी.

आधी बुधवारचं सांगते.

सकाळपासून उभी होते. भाज्या बोटाएवढ्या कापल्या. बाईंच्या वाटीत गाजराचा एक तुकडा वाकडा होता, माझा एकही नव्हता. खोबरं पाट्यावर वाटलं. मिक्सरवर वाटायला बाईंना वेळ नसतो, मला आहे. नारळाचं घट्ट दूध घातलं आणि आच मोठी केली. आता मला सांग, दूध म्हटलं की आपण काय करतो? वर येईपर्यंत उकळतो. उकळलं नाही ते दूध कसलं? तर ते फाटलं. पाणी एकीकडे, चोथा एकीकडे. नातीनं म्हणे वाचलं होतं, "घट्ट दूध घातल्यावर उकळू नये." मी ते ऐकलं होतं, पण मला वाटलं, बाईंना घाई असते म्हणून त्या उकळत नसतील.

तरी मी हार मानली नाही. ढवळत राहिले. मीठ घातलं, चाखलं, लागलं नाही, आणखी घातलं. तेवढ्यात दार धाडकन उघडून नर्सबाई आत धावत आल्या, एका पायात चप्पल, डोक्याला टॉवेल. "आजी! काय जळतंय?" त्यांनी गॅस बंद केला, कढई उचलून मोरीत ठेवली. तळाला कोळसा झाला होता. जिन्यापर्यंत वास गेला होता म्हणाल्या. खालून शिंपी ओरडून विचारत होता, कुणाकडे काय लागलं म्हणून.

चिमणे, मी कढईच्या शेजारी उभी होते. उलथनं माझ्या हातात होतं.

मला कसलाच वास आला नव्हता.

(हे थांबलेत. लिहा हो. गाळू नका, मी नातीकडून वाचून घेईन.)

आजची गोष्ट नाही ही. कधीपासून ते मलाही सांगता येत नाही. आधी फुलांचा वास गेला. म्हटलं, हल्ली फुलंच तशी मिळतात. मग हिंगाचा गेला. म्हटलं, वाणी भेसळ करतो. दोनदा दूध करपलं तेव्हा सर्दी झाली होती, असं मी सगळ्यांना सांगितलं आणि स्वतःलाही सांगितलं. आणि जिभेला काही लागेना म्हणून हात मिठाच्या बरणीकडे जायचा. एकदा, दोनदा, तीनदा. जेवून येणाऱ्यांची पोटं बिघडली नव्हती गं.

मी खाली बसले. नर्सच ती, तिला पाहूनच कळलं असणार. ओल्या केसांनी उभी राहून माझी कढई घासत होती, आणि मला तिच्या नाकाचा हेवा वाटत होता. वेणीचा नाही, वयाचा नाही. नाकाचा. दोन बंद दारांपलीकडून तिला जे कळलं ते मला हातभरावरून कळलं नव्हतं.

मग भिंतीला धरत धरत हे आले. चोपन्न वर्षांत स्वयंपाकघरात पाणी प्यायलासुद्धा न आलेला माणूस. स्टूल ओढलं, बसले आणि हात पुढे केला.

"मिठाची बरणी दे."

"तुम्हाला काय कळतं मिठातलं?"

"गेलं वर्षभर तेवढंच कळतंय."

मी म्हटलं, "मग बोलला का नाहीत?"

तर म्हणाले, "चिमणी बोलली. तिचं काय झालं ते मी पाहिलं."

आता तो विषय मलाच काढायला लागला ना! मागच्या वर्षी तू आठ दिवसांसाठी आली होतीस. दुसऱ्याच दिवशी चार माणसं पानावर बसलेली असताना म्हणालीस, "ताई, मीठ फार झालंय, तुला लागत नाही का?" मी म्हटलं, शाळा शिकलेल्यांना सगळंच जास्त कळतं. तुझी पिशवी उचलून मी दाराबाहेर ठेवली. तू खाली उतरेपर्यंत जिन्यात दिवा लावायचंही मला सुचलं नाही. हात माझा होता, तो तरी मला कुणाकडे गहाण टाकायचा नव्हता. तू खरं बोलली होतीस. आणि तू खरं बोललीस म्हणून हा माणूस वर्षभर खोटं जेवला. शेवटी आजारपणानं अंगातली ताकद गेली तेव्हा खोटं जेवायचीही गेली. नर्सबाईंच्या भाजीत काही जादू नव्हती. मीठ बेताचं होतं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघांनी परत केली. मी कापलं, वाटलं, ढवळलं. घट्ट दूध घालून लगेच गॅस बंद केला. मीठ ह्यांनी घातलं, चिमटीनं, पाटीवर अनुस्वार द्यावा तसं जपून. चाखलं, आणखी एक अनुस्वार दिला. मग दोन वाट्या जेवले. त्यांच्यासमोर बसून मी एक वाटी खाल्ली. शेंग मऊ लागली, भोपळा विरघळला, नारळ गुळगुळीत लागला. बाकी काय होतं ते ह्यांना विचारलं. त्यांनी सांगितलं. हळू हळू, शब्द शोधून, पण सांगितलं. "वा" मात्र म्हणाले नाहीत. त्याबद्दल मी अजून जळतेय, आणि हे वाक्य तुम्ही ठळक लिहा.

एक वाटी समोर नेऊन दिली. नर्सबाई म्हणाल्या, "छान झालीय आजी, जरा पातळ आहे." मी म्हटलं, तुमच्याकडे पातळ म्हणतात, आमच्याकडे रस्सा म्हणतात. चांगली बाई आहे. वेणीबद्दलचं मत मी बदललेलं नाही.

चोवीस तारखेला वजन झालं. सातशे ग्रॅम वाढलं. नळी टळली. पण तिथे डॉक्टर ह्यांना सोडून माझ्याच मागे लागले. डोळे मिटायला सांगून नाकाखाली काय काय धरलं. लवंग, म्हणे, मग साबण, मग कॉफी. मी विचारलं, "डॉक्टर, तिन्ही वेळा एकच रिकामी डबी धरताय का?" ते हसले नाहीत. वयाचं आहे म्हणाले, वास परत येईल असं वाटत नाही.

म्हणून आता आमच्याकडे असं आहे: मी सगळं करते आणि शेवटी हाक मारते. हे येतात, चमचा घेतात, "मीठ" म्हणतात नाहीतर "पुरे" म्हणतात. करपलेलं तेच ओरडून सांगतात. रोज तीन वेळा हाक मारायची मला लाज वाटते. पहिले दोन दिवस रडले, तिसऱ्या दिवशी भांडले. भांडल्यावर बरं वाटलं.

एक सांगायचं राहिलं. पत्राला बसण्याआधी ह्यांनी एका वेगळ्या कागदावर तुला काहीतरी लिहिलंय. चांगलं अर्धं पान. घडी घालून ती चिठ्ठी माझ्या डोळ्यांदेखत पाकिटात टाकली. काय लिहिलंय विचारलं तर म्हणतात, "चिमणीला लिहिलंय." ते दिसतंय मला. चोपन्न वर्षांत मला कधी अर्धं पान मिळालं नाही, आणि मेहुणीला मिळतं! नातीला वाचायला देईन म्हटलं तर पाकीट उचलून खिशात ठेवलं. मला वाचता येत नाही याचा ह्या माणसानं जन्मात पहिल्यांदा फायदा घेतलाय.

तेव्हा ती चिठ्ठी घेऊन तू ये. फोन करू नकोस, पोस्टानं पाठवू नकोस. इथे येऊन, ह्यांच्या तोंडासमोर उभी राहून, मला ती मोठ्यानं वाचून दाखव. एक शब्द गाळायचा नाही. आणि आठ दिवसांसाठी आलीस तर पुरे आठ दिवस राहा. पिशवी मी कपाटात ठेवीन, वरच्या फळीवर, जिथे माझा हात पोचत नाही.

तुझी,
वाट पाहणारी (हे मी सांगितलं नव्हतं, ह्यांनी आपल्या मनानं घातलं आणि मग वाचून दाखवलं. राहू दे म्हटलं.)
ताई