टिंबापुढचे चारशे

सोलापूर
शनिवार, ३० मार्च १९७४, संध्याकाळ

आज माने सरांचा निरोपसमारंभ झाला. तेव्हापासून जीव कशात लागत नाही.

आमच्या शाळेत मुलींना बेसबॉल शिकवणारे हे एकटेच पी.टी. मास्तर. त्यांना इंग्रजी येत नाही, म्हणून या शतकाच्या सुरुवातीच्या अमेरिकन फटकेबाजांवरचा लेख एका इंग्रजी पुस्तकावरून वार्षिक अंकासाठी मीच मराठीत केला. त्यांच्यातल्या सगळ्यात थोर गड्याची सरासरी पुस्तकात अशी छापलेली: आधी टिंब, पुढे चारशे. मी लिहून मोकळी झाले, "सरासरी शून्य दशांश चार धावा."

तेच वाक्य आज हेडमास्तरांनी स्टेजवरून वाचलं. "अर्धीसुद्धा धाव नाही! आपला अकरावा गडी बरा की!" सगळी सभा हसली. सरांच्या मुलीही हसल्या, त्यांनी शिकवलेल्या.

खाली उतरताना सरांनी मला हळूच विचारलं, "बाई, लई वाईट खेळत हुते व्हय ते?"

"पुस्तकात तसंच आहे, सर," मी म्हणाले.

घरी येऊन पुस्तक उघडलं. पुन्हा ते टिंब. अगं, धावा नव्हेतच त्या! दहादा बॅट धरली तर चारदा फटका साधायचा, आणि एवढं फार थोड्यांना जमलं. खालच्याच ओळीत दिलंय. का नाही वाचलं मी? डोक्यात क्रिकेट, दुसरं काय!

सर पाचच्या एस.टी.नं वैरागला, त्यांच्या गावी गेले, कायमचे. सोमवारी कार्ड टाकीन, त्या एका टिंबाबद्दल. कार्ड पोचेल. पण ती हसलेली सभा परत कशी भरवू?