हुकमाची शीर

मार्गशीर्ष शुद्ध ५, शके १८६६

डाव्या हातानं लिहितेय. अक्षर वाकडं — असू दे, कोण वाचतंय! उजवं मनगट भादव्यातल्या हिवतापापासून लोंबतंय. बोटं मिटतात, उघडत न्हाईत. दंड उचलतो, पंजा ओल्या फडक्यासारखा खाली. भाकरी थापता येत न्हाय, धार काढता येत न्हाय. भावजय इरम्मा वेणी घालते, ताटात कालवून देते. ह्या वयात लेकरू झाले.

शुद्ध ९

रेवणसिद्ध आला. इरम्माचा ल्योक, पण वाढवला मी. हैदराबादेत डाक्टरकी शिकतो. बकरीदची सुट्टी आहे. आल्या आल्या माझं मनगट हातात घेऊन बसला. विचारलं, बरं होईल का रं? म्हणाला, बघतो आत्या, त्याचाच अभ्यास करतोय.

हे पोरगं मला खोटं सांगायचं न्हाय.

शुद्ध ११

नळदुर्गाहून बोकडाचा पुढचा पाय घेऊन आला! लिंगायताच्या घरात! म्हटलं, उंबऱ्याच्या आत आणलास तर पायासकट तुला बाहेर काढीन. मग गोठ्यामागं जाऊन बसला. कालेजात कुत्र्याचा चिरलाय म्हणे, माकडाचाही. नाकाला पदर लावून मीही गेले — हात माझा गेलाय, बघायला नको?

विचारलं, शेळीला कुठला आलाय हात? म्हणाला, पुढचा पाय म्हणजे हातच. शेळी घ्या, कुत्रं घ्या, माकड घ्या, न्हाईतर तुम्ही. म्हटलं, मला माकडाच्या शेजारी बसवलंस, बरं केलंस. हसला.

मग चिमट्यानं एक पांढरी दोरी उचलली. सुतळीएवढी. मला वाटलं, रक्ताची शीर.

'ही रक्ताची न्हाय आत्या, हुकमाची.'

काखेतून निघते, हाडाला मागून वेढा घालते, मग पुढं उतरते. शेळीचा खूर तीच पुढं टाकते, माकडाचा पंजा तीच उघडते, आपलं मनगट तीच उचलते. जनावर बदललं तरी वाट तीच. आणि वेढ्यापाशी हाडाला अगदी चिकटून असते. तिथं इजा झाली की खालचा पंजा लोंबला.

मी दंडामागं बोट फिरवलं. बरोबर तिथंच गाठ. तापात कोयनेलची सुई तिथंच टोचली होती!

विचारलं, सुई ह्या शिरेत गेली?

त्यानं मान खाली घातली. 'व्हय.'

'तुला कधीपास्नं ठाऊक?'

'भादव्यापास्नं.'

खाटीक म्हटलं त्याला. चालता हो म्हटलं. गेला. जेवलाही न्हाय, तसाच हैदराबादेला.

शुद्ध १२

तापाचं वारं गेलंय हातावरनं, असं ह्यानं मला सांगितलं होतं! मी तेल चोळत बसले, खंडोबाला नवस बोलले, आणि हा बघत बसला. तापात मला शुद्ध न्हवती. डोळे उघडले तर रमजानच्या सुट्टीत आलेला हा उशाशी सुई उकळत होता. देव वाटला मला.

सुई चुकली तर चुकली. शिकणाऱ्याचा हात चुकतो. पण खोटं? मला? देवी आल्या तेव्हा ह्याच्या अंगावर लिंबाच्या पाल्यानं वारा घालत मी बसले होते. ह्याला चुलत्यांनी शेतीत जुंपला असता — दारात उभी राहून भांडले आणि हैदराबादेला धाडला. कशाला? मला फसवायला शिकून यायला?

वद्य १

इरम्मा वेणी घालताना रडते. म्हटलं, रड, ल्योक तुझाच हाय.

वद्य ४

सकाळी पुन्हा त्याच्या नावानं शिव्या घातल्या. इरम्मानं तवा चुलीवरनं उतरवला. म्हणाली, 'वन्सं, बास करा. सुई मी टोचली.'

भादव्यात, माझ्या तापात, तो तुळजापूरला औषध आणायला गेला होता. ताप चढला, मी बरळायला लागले, ती भ्याली. आदल्या दिवशी त्यानं टोचलेलं बघितलं होतं, तसं टोचलं. तो परत आला तेव्हा तिनं त्याचे पाय धरले — आईनं ल्योकाचे! — माझं नाव घेऊ नकोस म्हणून.

विचारलं, मला का न्हाय सांगितलंस?

'तुम्ही मला माहेरी धाडलं असतं.'

धाडलं असतं.